उन्हाळी सत्राचा संचालक : अधिकाराचे स्वरूप आणि मर्यादा

१

विद्यापीठीय प्रशासनाची चर्चा करताना कुलगुरू, अधिष्ठाता, कुलसचिव आणि विभागप्रमुख यांच्या अधिकारांचा विचार विस्ताराने केला जातो. उन्हाळी सत्राचा संचालक हा अधिकारी मात्र या चर्चेत बहुधा तळटीपेपुरताच येतो. याचे कारण उघड आहे. तो वर्षातून सहा किंवा आठ आठवडेच दृष्टीस पडतो. त्याचे अध्यापक त्याचे नसतात, विद्यार्थी त्याचे नसतात, वर्गखोल्या व वसतिगृहे त्याची नसतात. शरद ऋतूत नियमित सत्र सुरू झाले की त्याच्या सत्तेचा मागमूसही उरत नाही. तरीसुद्धा अमेरिकेतील उच्च शिक्षणाच्या इतिहासात या अधिकाऱ्याने जे घडवले आणि जे बिघडवले, त्याचे मोल लहान नाही. शाळामास्तर, नोकरी करणाऱ्या स्त्रिया, दूरच्या लहान गावांतील अध्यापक, नियमित सत्रात ज्यांना पाऊल टाकता येत नाही असे सर्व लोक विद्यापीठात शिरले ते बव्हंशी उन्हाळ्याच्या दरवाजाने. त्या दरवाजाची किल्ली कोणाच्या हाती आहे, आणि ती त्याच्या हाती कोणत्या न्यायाने आली, हा प्रश्न म्हणूनच केवळ कारकुनी स्वरूपाचा राहत नाही.

या विषयावर प्रशासकवर्गाने जे लेखन केले आहे त्यात एक मत सामान्यतः गृहीत धरलेले आढळते. ते असे, की उन्हाळी सत्राचा संचालक हा 'समन्वयक' असतो. त्याच्याजवळ फारशी औपचारिक सत्ता नसली तरी गोडीगुलाबीने, ओळखींच्या बळावर आणि व्यवहारचातुर्याने तो आपले काम तडीस नेतो. आणि सत्तेची ही उणीव हेच त्याच्या पदाचे भूषण होय. प्रस्तुत लेखात या मताचे परीक्षण करावयाचे आहे. हे मत वस्तुस्थितीचे अर्धेच वर्णन करते, आणि जो अर्धा भाग वगळते त्यातच विद्यार्थ्याचे हिताहित साठलेले आहे, असे या परीक्षणातून दिसून येईल.

२

आरंभी शब्दाचा विचार करणे इष्ट ठरेल. मराठीत 'अधिकार' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वावरतो. 'अमक्यांचा या विषयात मोठा अधिकार आहे' असे आपण म्हणतो तेव्हा विद्या, तप किंवा अनुभव यांनी आलेली योग्यता अभिप्रेत असते. 'अमक्यांना रजा मंजूर करण्याचा अधिकार आहे' या वाक्यात नेमणुकीने आलेली सत्ता अभिप्रेत असते. 'अधिकारी पुरुष' आणि 'सरकारी अधिकारी' ही दोन पदे एकाच शब्दापासून सिद्ध झाली असली, तरी त्यांच्यातील अंतर कोणाही मराठी भाषकाला समजावून सांगावे लागत नाही. ही द्व्यर्थता भाषेचा दोष नव्हे. विद्यापीठासारख्या संस्थेत हे दोन अर्थ एकत्र नांदावेत अशी अपेक्षा असते, आणि ते परस्परांपासून तुटले म्हणजे कलह माजतो.

शास्त्रीय वाङ्मयात या शब्दाला आणखी दोन पारिभाषिक अर्थ आहेत, आणि प्रस्तुत प्रश्नाच्या उकलीस ते विशेष उपयोगी पडतात. पाणिनीय व्याकरणात अधिकारसूत्र म्हणून सूत्रांचा एक प्रकार आहे. असे सूत्र स्वतःच्या जागी कोणतेही कार्य सांगत नाही. ते पुढील सूत्रांत अनुवृत्त होते आणि त्यांच्या अर्थाचे नियमन करते. सहाव्या अध्यायाच्या चौथ्या पादापासून सातव्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत चालणारा अंगाधिकार हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा अधिकाराची मर्यादा काही ठिकाणी सूत्रकार शब्दाने सांगतात. अन्यत्र ती व्याख्यानावरून, म्हणजे परंपरेवरून, जाणून घ्यावी लागते. दुसरा अर्थ मीमांसेतील. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराला वाहिलेला आहे, आणि तेथे अधिकार म्हणजे कर्माच्या फळावरील स्वामित्व. यज्ञातील क्रिया ऋत्विज करतात, त्यांना दक्षिणा मिळते. परंतु फळ यजमानाचे असते, आणि म्हणून अधिकारी तोच.

या चार अर्थांची फोड ध्यानात ठेवली म्हणजे उन्हाळी सत्राच्या संचालकाविषयीचे पुष्कळसे गैरसमज दूर होतात. त्याच्याविषयी बोलताना कोणी योग्यतेचा अधिकार मनात धरतो, तर कोणी नेमणुकीचा. तो स्वतः बहुधा पाणिनीय अर्थाने अधिकार चालवीत असतो : त्याचे कार्य दुसऱ्यांच्या कार्यातून प्रकट होते, आणि त्याच्या सत्तेची सीमा परंपरेने ठरते. फळाचा अधिकार कोणाचा, हा मीमांसकांचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

३

योग्यतेचा अधिकार आहे पण पदाचा नाही, अशा उन्हाळी शिक्षणाचे आद्य उदाहरण १८७३ मधील आहे. त्यापूर्वी १८७१ मध्ये हार्वर्ड येथे उन्हाळी अध्यापनास प्रारंभ झाला होता, व तेथील उन्हाळी शाळा आपली परंपरा त्या वर्षापर्यंत नेऊन भिडवते. परंतु कल्पनेला खरी प्रसिद्धी लाभली ती हार्वर्डमधीलच निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासिझ यांच्या पेनिकीस बेटावरील शाळेमुळे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत बझर्ड्स उपसागरात असलेले हे छोटेसे बेट जॉन अँडरसन या व्यापाऱ्याने दिले, आणि त्यासोबत पन्नास हजार डॉलर्सची देणगीही दिली. सुमारे पन्नास विद्यार्थी जमले. त्यांत स्त्रिया होत्या आणि पुरुषही होते. बहुतेक जण शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक होते. पुस्तक बाजूला ठेवून प्रत्यक्ष प्राण्याचे निरीक्षण करावयाचे, ही तेथील शिक्षणाची रीत होती. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झालेले डेव्हिड स्टार जॉर्डन याच बेटावर शिकले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अगासिझ निवर्तले. पुढील उन्हाळ्यात त्यांचे पुत्र अलेक्झांडर यांनी शाळा चालवली, आणि त्यानंतर ती बंद पडली. या दोन उन्हाळ्यांतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. जेथे सर्व अधिकार एका व्यक्तीच्या योग्यतेत सामावलेला असतो तेथे शिक्षण उज्ज्वल होऊ शकते, पण टिकू शकत नाही. पद नसेल तर वारसा कोणाकडे द्यावयाचा, हेच ठरत नाही. योग्यता ही वाटून देता येण्यासारखी वस्तू नव्हे. विद्यार्थ्यांच्या मनांत अगासिझ यांची पद्धती उरली, आणि त्यांतील काहींनी ती इतरत्र रुजवली. परंतु पेनिकीस येथे तिसऱ्या वर्षी येऊ पाहणाऱ्या शिक्षकाला त्याचा काही उपयोग नव्हता.

४

याच्या अगदी उलट टोकाला शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची योजना आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना हार्पर यांच्याविषयी आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. १८७५ मध्ये येल विद्यापीठात, संस्कृतचे थोर पंडित विल्यम ड्वाइट व्हिटनी यांच्या परंपरेत, त्यांनी वयाच्या अठराव्या वर्षी डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय लॅटिन, ग्रीक, संस्कृत व गॉथिक या भाषांतील उपसर्गसदृश अव्ययांचा तौलनिक अभ्यास हा होता. पुढे ते हिब्रूकडे वळले. १८८१ पासून त्यांनी शिकागोजवळ मॉर्गन पार्क येथे हिब्रूच्या उन्हाळी शाळा चालवल्या. न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराच्या काठी १८७४ मध्ये लुइस मिलर व जॉन हील व्हिन्सेंट यांनी रविवार-शाळांच्या शिक्षकांसाठी जे उन्हाळी संमेलन सुरू केले होते, त्याचा तोवर मोठा विस्तार झाला होता. तेथेही हार्पर शिकवू लागले आणि लवकरच तेथील महाविद्यालयाचे प्रमुख झाले. थोडक्यात, विद्यापीठाचे अध्यक्ष होण्यापूर्वी ते उन्हाळी सत्राचे प्रशासक होते.

हा अनुभव त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या घटनेतच ओतला. १८९२ च्या ऑक्टोबरात विद्यापीठ उघडले तेव्हा वर्षाचे चार समान भाग पाडलेले होते. प्रत्येक भाग बारा आठवड्यांचा, आणि तो पुन्हा सहा-सहा आठवड्यांत विभागलेला. उन्हाळा हा या चारांपैकी एक. १८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले असल्यामुळे पहिला उन्हाळी भाग १८९४ मध्ये झाला. अध्यापकाने चारांपैकी तीन भागांत शिकवावे, म्हणजे वर्षाला छत्तीस आठवडे, आणि सुटी कोणत्याही भागात घ्यावी, असा नियम होता. येथे उन्हाळ्यासाठी निराळा अभ्यासक्रम नाही, निराळी पदवी नाही, निराळे वेतन नाही. म्हणून तत्त्वतः निराळ्या संचालकाच्या सत्तेचा प्रश्नही उद्भवत नाही. उन्हाळ्यावर ज्याची सत्ता तीच हिवाळ्यावर.

हार्पर यांच्या योजनेचे मोठेपण मान्य करूनही तिच्यातील एक विसंगती नजरेआड करता येत नाही. कालगणनेच्या दृष्टीने चार भाग समान होते. विद्यार्थिवर्ग मात्र समान नव्हता. उन्हाळ्यात येणारे विद्यार्थी वयाने मोठे, बहुशः शिक्षकी पेशातील, आणि अनेक उन्हाळ्यांच्या तुकड्यांतून पदवी जोडणारे असत. त्यांच्या गरजा वेगळ्या, त्यांचा वेळ तोकडा, पूर्वतयारी असमान. 'चारही भाग सारखेच' असे म्हटल्याने त्यांना प्रतिष्ठा मिळाली हे खरे. परंतु त्यांचा विशेष विचार करणे हे कोणाचेच विशेष काम राहिले नाही. उन्हाळी शिक्षणाला समान दर्जा द्यावयाचा असेल तर ते मुख्य घटनेत सामावून घेतले पाहिजे. आणि उन्हाळी विद्यार्थ्याची काळजी घ्यावयाची असेल तर त्यासाठी स्वतंत्र माणूस पाहिजे. संचालकपदाची खरी अडचण या दोन मागण्यांच्या ओढाताणीत आहे.

५

अमेरिकेतील बहुसंख्य संस्थांनी हार्पर यांचा मार्ग पत्करला नाही. तेथे अध्यापकाचा करार सामान्यतः नऊ महिन्यांचा राहिला, आणि उन्हाळ्याचे काम वेगळ्या मोबदल्याचे, वेगळ्या नेमणुकीचे ठरले. सत्राने आपला खर्च आपल्या शुल्कातून भागवावा, ही अपेक्षा रूढ झाली. अशा रीतीने उन्हाळी सत्राचा संचालक हे स्वतंत्र पद घडले, आणि ते इतके स्थिरावले की १९६४ मध्ये या प्रशासकांची स्वतःची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

आता या संचालकाच्या हाती नेमके काय असते ते क्रमाने पाहू. कोणते विषय शिकवावेत हे विभाग सुचवतात. कोणी शिकवावेत हेही बहुधा विभागप्रमुखच ठरवतात. श्रेयांक किती द्यावेत आणि ते पदवीसाठी धरावेत की नाही, याचा निर्णय विद्याशाखेचा. त्यांची नोंद ठेवणे हे कुलसचिवाचे काम. खोल्या व वसतिगृहे दुसऱ्याच खात्याकडे असतात. संचालकाकडे वेळापत्रक, जाहिरात आणि अंदाजपत्रक उरते. अंदाजपत्रकासोबत एक गोष्ट मात्र निखालस त्याच्या हाती येते : पुरेशी नावनोंदणी न झालेला वर्ग रद्द करणे.

समन्वयकाच्या गोंडस वर्णनात ही गोष्ट झाकली जाते. ज्याला काहीही निर्माण करण्याची सत्ता नाही त्याला नाहीसे करण्याची सत्ता आहे. वर्ग सुरू करण्यासाठी त्याला पाच जणांची संमती लागते. बंद करण्यासाठी पटसंख्येचा एक आकडा पुरतो. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर हा विधिरहित निषेध आहे. अशा सत्तेचे परिणाम कोणावर होतात हे पाहिले पाहिजे. एखादी शिक्षिका वर्षभर पैसे साठवते, घरची सोय लावते, दूरच्या गावाहून येते. तिला जो विषय हवा असतो तो अल्पसंख्यांचाच असतो, कारण लोकप्रिय विषय तिला तिच्या गावाजवळही मिळाले असते. पहिल्या आठवड्यात तिला सांगण्यात येते की वर्ग भरणार नाही. नियमित सत्रात विद्यार्थ्यावर असा प्रसंग आला तर तो दुसरा वर्ग निवडतो आणि पुढील सत्राची वाट पाहतो. तिच्यापुढे पुढील सत्र म्हणजे पुढील वर्ष. अध्यापकाचीही स्थिती फारशी वेगळी नाही : त्याची तयारी झालेली असते, आणि मोबदला मात्र पटावर टांगलेला असतो.

यावर प्रशासकांचे उत्तर ठरलेले आहे. सत्र स्वावलंबी असल्यामुळे तोट्यातील वर्ग चालवता येत नाहीत. संचालक हा नियम करीत नाही, तो फक्त अमलात आणतो. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण पुरेसे नाही. एका वर्गातील शिल्लक दुसऱ्या वर्गाच्या तुटीकडे वळवावी की विद्यापीठाच्या सामान्य निधीत जाऊ द्यावी, हा निर्णय आकडेवारीतून आपोआप निघत नाही. तो कोणीतरी घेतो. संचालकाला तो घेण्याची मुभा नसेल, तर त्याला निमित्त करून दुसराच कोणी तो घेतो. सत्ता लपलेली आहे, नाहीशी झालेली नाही.

१९६६ मध्ये अमेरिकेतील प्राध्यापकांच्या संघटनेने, उच्च शिक्षण मंडळ आणि विश्वस्तमंडळांची संघटना यांच्या सहभागाने, महाविद्यालयांच्या शासनाविषयी एक निवेदन तयार केले. अभ्यासक्रम, अध्यापनाचा विषय व पद्धती आणि अध्यापकवर्गाचा दर्जा या बाबतींतील प्राथमिक जबाबदारी अध्यापकांची, हे तत्त्व त्यात मांडलेले आहे. या तत्त्वाला ऋतूचा अपवाद नाही. जो विषय विद्याशाखेने मान्य केला तो जुलै महिन्यात केवळ पटसंख्येच्या कारणाने अमान्य होत असेल, तर अभ्यासक्रमावरील जबाबदारी उन्हाळ्यापुरती हिशेबाच्या वहीकडे गेली असे म्हणावे लागते. संचालकपदावरील टीकेचा मुख्य रोख हा आहे. रोख व्यक्तीवर नाही. बहुतेक संचालक आपल्या मर्यादेत जिवापाड राबतात. दोष पदाच्या रचनेतील आहे.

६

योग्यतेचा अधिकार आणि नेमणुकीचा अधिकार यांची सांगड घालता येते काय, हे पाहण्यासाठी भाषाशास्त्राच्याच क्षेत्रातील एक संस्था उत्तम साधन पुरवते. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञांची सोसायटी १९२४ च्या अखेरीस स्थापन झाली. त्या काळी स्वतंत्र भाषाशास्त्र-विभाग जवळजवळ नव्हतेच. कोणी जर्मनचा, कोणी ग्रीक-लॅटिनचा, कोणी मानववंशशास्त्राचा प्राध्यापक म्हणून विखुरलेला होता. या विखुरलेल्यांना उन्हाळ्यात एकत्र आणावे म्हणून १९२८ मध्ये येल येथे सोसायटीची पहिली 'लिंग्विस्टिक इन्स्टिट्यूट' भरली. हित्तीच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले एडगर स्टर्टव्हंट हे तिचे संचालक होते. १९२९ मध्ये ती पुन्हा येल येथे, १९३० व १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात भरली. आणि मग आर्थिक मंदीच्या काळात चार वर्षे ती भरलीच नाही.

१९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठात, ॲन आर्बर येथे, ती पुन्हा उभी राहिली, आणि १९४० पर्यंत दरवर्षी तेथेच भरली. संचालक होते चार्ल्स फ्रीझ. फ्रीझ हे त्याच विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक. म्हणजे ज्या विद्वत्संस्थेच्या नावाने शाळा भरत होती तिचे ते मान्यवर सभासद, आणि ज्या विद्यापीठाच्या उन्हाळी सत्रात ती सामावली होती त्याचे ते रहिवासी. पहिल्या अधिकाराने त्यांना कोणाला बोलवावे हे कळत होते; दुसऱ्या अधिकाराने बोलावलेल्यांना खोली, ग्रंथालय आणि श्रेयांक मिळवून देता येत होते. १९३७ मध्ये एडवर्ड सपीर तेथे शिकवावयास आले. १९३८ पासून लिओनार्ड ब्लूमफील्ड आले. अमेरिकेतील वर्णनात्मक भाषाशास्त्राची पुढील पिढी घडण्यात या उन्हाळ्यांचा वाटा किती मोठा आहे, हे त्या विषयाच्या इतिहासाच्या वाचकाला सांगावे लागत नाही.

या यशाचे श्रेय फ्रीझ यांच्या व्यक्तिमत्त्वाला देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु तसे केल्यास पेनिकीसचीच पुनरावृत्ती होईल. फ्रीझ यांच्या जागेत एक रचना होती, आणि ती वेगळी काढून दाखवता येते. प्रथमतः, विषय आणि अध्यापक निवडण्याची सत्ता ज्याला त्या विद्येची जाण आहे त्याच्या हाती होती. द्वितीयतः, खर्चाचा आधार यजमान विद्यापीठाच्या सत्रात होता. प्रत्येक वर्गाने स्वतःचे पोट स्वतः भरावे अशी अट असती, तर दुर्मीळ भाषांचे वर्ग भरणेच शक्य नव्हते. तृतीयतः, एकाच ठिकाणी सलग पाच वर्षे मिळाल्यामुळे एका उन्हाळ्याचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडला. पुढे ही संस्था निरनिराळ्या विद्यापीठांत फिरू लागली, आणि आज ती एका वर्षाआड भरते. फिरण्याचे लाभ आहेत. परंतु प्रत्येक यजमानाकडे संचालकाला नव्याने वाटाघाट करावी लागते, आणि मर्यादा ज्या परंपरेवरून जाणावयाची ती परंपराच दर वेळी नवी असते.

७

या परंपरेचा एक धागा थेट पुण्याला येऊन पोहोचतो. डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद झाले होते. १९३९ मध्ये ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, आणि १९४२ पासून डॉ. सुमित्र मंगेश कत्रे हे तिचे संचालक झाले. मे १९५३ मध्ये तेथे भाषाशास्त्रज्ञ व शिक्षणतज्ज्ञ यांची परिषद भरली. त्यानंतर रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने भाषाविषयक प्रकल्प हाती घेण्यात आला, आणि १९५४ च्या अखेरीस हिवाळी व १९५५ च्या मे-जून महिन्यांत उन्हाळी शाळा भरली. हेन्री होनिग्सवाल्ड, गॉर्डन फेअरबँक्स यांसारखे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ भारतीय विद्वानांच्या बरोबरीने या उपक्रमात सहभागी झाले. ज्या घराण्याच्या संपत्तीतून हार्पर यांचे शिकागो विद्यापीठ उभे राहिले त्याच घराण्याच्या प्रतिष्ठानाने पुण्यातील शाळेला हातभार लावावा, हा योगायोग लक्षणीय खरा. परंतु प्रस्तुत संदर्भात महत्त्वाचा आहे तो संचालकाचा प्रश्न.

कत्रे यांच्या ठायी तीन अधिकार एकवटले होते. भारतीय-आर्य भाषांचे, विशेषतः कोंकणीचे, अभ्यासक म्हणून त्यांची योग्यता निर्विवाद होती. यजमान संस्थेचे ते प्रमुख होते. आणि परकीय प्रतिष्ठानाशी व्यवहार करणारी व्यक्तीही तेच होते. फ्रीझ यांच्यापेक्षा हा अधिकार अधिक पूर्ण होता, कारण त्यांच्या डोक्यावर सत्राचा दुसरा कोणी प्रशासक नव्हता. त्याचे फळ दिसून आले. अल्पावधीत देशाच्या विविध भागांतील भाषांचे तरुण अध्यापक वर्णनात्मक पद्धतीशी परिचित झाले; पुढे अशा शाळा इतर ठिकाणीही भरल्या; आणि आपल्या विद्यापीठांत भाषाशास्त्राला स्वतंत्र विषयाची जी जागा मिळाली तिची पूर्वतयारी या सुट्यांच्या दिवसांत झाली. महाराष्ट्रात मे महिना हा सुटीचा, आणि जूनमध्ये वर्ष सुरू होते. ज्या काळात इमारती ओस पडतात त्याच काळात दूरचा अध्यापक मोकळा असतो, ही साधी गोष्ट येथेही उपयोगी पडली.

तथापि याच उदाहरणातून एक धोकाही दिसतो. पूर्ण अधिकार एका ठिकाणी असला म्हणजे त्याचा आधार पदात आहे की व्यक्तीत आहे की बाहेरून आलेल्या निधीत आहे, हे शाळा चालू असेपर्यंत कळत नाही. कळते ते यांपैकी एखादा आधार निघाल्यावर. बाह्य निधी मुदतीचा असतो. शाळेचे स्थान विद्यापीठांच्या नित्य घटनेत निश्चित केलेले नसेल, तर तिची शिकवण उरते पण ती स्वतः उरेलच असे नाही. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या योजनेनुसार १९८७ पासून अध्यापकांसाठी उजळणी-वर्ग चालवणारी कायम केंद्रे स्थापन झाली. तेथे स्थैर्य आले, पद आले, नियम आले. मात्र ज्याच्या हाती वेळापत्रक आहे त्याला त्या विषयात गती असेलच असा नियम नाही. एकच केंद्र अनेक विद्याशाखांसाठी वर्ग भरवते, आणि विषयतज्ज्ञ तेथे पाहुणा असतो. पुण्याच्या शाळेत योग्यता होती आणि स्थैर्य नव्हते. येथे स्थैर्य आहे, आणि योग्यता दर वेळी बाहेरून आणावी लागते.

८

येथे एक आक्षेप घेतला जाईल. उन्हाळी सत्र ही मुळातच तात्पुरती, पूरक व्यवस्था आहे. तिच्या संचालकाला पूर्ण अधिकार दिल्यास विद्यापीठात दुसरे विद्यापीठ उभे राहील, आणि विभागांच्या संमतीवाचून दिलेल्या श्रेयांकांनी पदवीचा कस उतरेल. आक्षेपात तथ्य आहे. ज्या सत्राला स्वतःचे अध्यापक, स्वतःचे निकष आणि स्वतःचे उत्पन्न असते ते व्यापारी वळण घेण्याची भीती खरोखरच असते. परंतु या आक्षेपाने सिद्ध होते ते एवढेच, की अभ्यासक्रमाचा अधिकार विद्याशाखेकडे असावा. वर्ग रद्द करण्याचा अधिकार कोणालाही उत्तर न देता हिशेबाकडे असावा, हे त्यातून निष्पन्न होत नाही. उलट, विद्याशाखेची सत्ता खरी असेल तर ती वर्ग मंजूर करतानाच संपू नये; तो चालू ठेवण्यासही ती बांधील असावी.

मीमांसकांचा प्रश्न पुन्हा विचारण्याची ही जागा आहे. फळ कोणाचे? अध्यापक हा ऋत्विजाच्या जागी आहे. त्याला दक्षिणा मिळते, आणि ती ठरल्याप्रमाणे मिळावी. संचालक यज्ञाची सामग्री जुळवतो. विद्यापीठाला शुल्क मिळते, पण शुल्क हे फळ नव्हे. फळ विद्यार्थ्याचे आहे, आणि म्हणून या सत्रात अधिकारी या संज्ञेला खऱ्या अर्थाने पात्र कोणी असेल तर तो विद्यार्थी होय. ही भूमिका स्वीकारली म्हणजे संचालकाच्या सत्तेची मोजणी निराळ्या मापाने करावी लागते. त्याला किती सत्ता आहे, हा प्रश्न दुय्यम ठरतो. विद्यार्थ्याला फळापर्यंत पोहोचवण्यास पुरेल एवढी आहे काय, हा मुख्य ठरतो.

त्या मापाने पाहता तीन गोष्टी आवश्यक दिसतात. जाहीर केलेला वर्ग, किमान ज्या विद्यार्थ्याची पदवी त्यावर अवलंबून आहे त्याच्यापुरता तरी, पार पाडण्याची हमी संचालकाला देता आली पाहिजे, आणि त्यासाठी सत्राची शिल्लक सत्रातच फिरवण्याची मुभा त्याला असली पाहिजे. तो स्वतः कोणत्या तरी विद्येत अधिकारी पुरुष असला पाहिजे, म्हणजे विभागप्रमुखांशी बोलताना त्याला केवळ आकड्यांचा आश्रय घ्यावा लागणार नाही. आणि त्याच्या अधिकाराची सीमा लिहिलेली असली पाहिजे. पाणिनीच्या व्याकरणात न सांगितलेली सीमा व्याख्यानावरून कळू शकते, कारण तेथे व्याख्यात्यांची अखंड परंपरा आहे. दर तीन-चार वर्षांनी संचालक बदलणाऱ्या विद्यापीठात ती नाही.

'समन्वयक' या नावाने संचालकाचा गौरव करणारे मत या तिन्ही बाबतींत अपुरे पडते. ते सौजन्याला रचनेच्या जागी बसवते. सौजन्याने एखादा उन्हाळा निभतो, एखादा फ्रीझ वा कत्रे लाभला तर पाच उन्हाळेही निभतात. पण सहाव्या उन्हाळ्यात येणाऱ्या शिक्षिकेने आपला मे-जून कोणाच्या भरवशावर विद्यापीठाला द्यावा, याचे उत्तर त्या मताजवळ नाही.